तक्ता आणि चिठ्ठी

अमेरिकेतील विद्यापीठांत क्रीडाप्रशिक्षक हा जो एक पूर्णवेळ हुद्दा असतो, त्याचे स्वरूप आपल्याकडील वाचकाच्या चटकन ध्यानात येणार नाही. कारण आपल्या महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाचे संचालक आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी संघ निवडून पाठवतात खरे, पण देशभर हिंडून खेळाडू हेरावेत, त्यांना शिष्यवृत्ती देऊन आणावे आणि त्यांच्या जयपराजयावर स्वतःची नोकरी पणाला लावावी, अशी अपेक्षा त्यांच्याकडून कोणी करीत नाही. तिकडचा प्रशिक्षक अध्यापकाच्या नावाने मिरवतो आणि मुकादमाप्रमाणे निकालावर जोखला जातो. चार वर्षांची पात्रता संपली की खेळाडू जातात; तो मात्र तेथेच राहतो, आणि त्याचा अधिकार दर पिढीगणिक वाढत जातो.

या अधिकाराचा विचार करावयाचा तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील अ‍ॅन्सन डॉरन्स यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण नाही. त्यांचा जन्म १९५१ सालचा, आणि तो मुंबईतला; परंतु वडील तेलव्यवसायात असल्यामुळे बालपण केनिया, इथिओपिया, सिंगापूर, स्वित्झर्लंड अशा मुलखांत गेले, आणि त्या काळच्या अमेरिकी मुलांना बव्हंशी परका असलेला फुटबॉल त्यांच्या अंगवळणी पडला तो बहुधा या भ्रमंतीमुळेच. विद्यापीठाच्या संघातून खेळून झाल्यावर त्यांनी तेथेच कायद्याच्या अभ्यासक्रमास नाव घातले, पण वकिलीची सनद मिळवण्याचा बेत अर्ध्यावरच राहिला. १९७७ पासून पुरुषांचा संघ आणि १९७९ पासून नव्याने उभा राहिलेला स्त्रियांचा संघ त्यांच्या हवाली झाला. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मज्जाव करणारा १९७२ चा कायदा मागे उभा नसता, तर हा दुसरा संघ निघालाच असता की नाही, याची शंका आहे. या संघाने त्यांच्या हाताखाली २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यांतील नऊ १९८६ ते १९९४ अशी लागोपाठ. आणि १९९१ मध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणारा, ग्वांगझू येथील अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे हरवणारा अमेरिकी संघही त्यांच्याच तालमीतला होता.

या यशाची कारणे सांगताना दोन साधनांचा उल्लेख हटकून होतो. पहिले साधन तक्त्याचे. त्याच विद्यापीठातील बास्केटबॉलचे नामांकित प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावात प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली जाते, हे पाहून डॉरन्स यांनी आपल्या सरावातील प्रत्येक धाव, प्रत्येक झुंज, प्रत्येक फटका यांची मोजदाद सुरू केली आणि खेळाडूंची क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावण्याचा रिवाज घातला. दुसरे साधन चिठ्ठीचे. त्यांच्या संघातील खेळाडू मिया हॅम पहाटे एकट्याच मैदानावर घाम गाळीत धावत असलेल्या डॉरन्स यांना दिसल्या, तेव्हा कोणी पाहत नसतानाही कष्टणारी ती विजेती, अशा आशयाच्या चार ओळी त्यांनी लिहून पाठवल्या, आणि त्या पुढे जगप्रसिद्ध झाल्या. पुरुषांना दटावून चालवता येते, स्त्रियांना मात्र जिव्हाळ्याने चालवावे लागते, असे त्यांचे मत होते. (दटावलेले पुरुष किती सुखाने चालतात, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू.)

आता या दोहोंत क्रूर कोणते, असे विचारले तर बहुतेक सुसंस्कृत माणसे तक्त्याकडेच बोट दाखवतील. विशीतल्या मुलीचे नाव यादीच्या तळाशी लटकलेले चारचौघांनी पाहावे, ही कल्पना मनाला बोचतेच. तथापि तक्ता उघडा असतो, त्याचे नियम आगाऊ ठाऊक असतात, आणि आज तळाशी असलेले नाव उद्या कोणाचीही मर्जी न संपादता वर चढू शकते. जिव्हाळ्याला असे दप्तर नसते. जो माणूस तुम्हाला खेळवणार की बाकावर बसवणार हे ठरवतो, तोच तुमच्या अंतःकरणातले जाणून घेऊ लागला, तर त्याला नकार देण्याची मोकळीक नावापुरतीच उरते.

ही भीती काल्पनिक नव्हती. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी फिर्याद गुदरली. प्रशिक्षक आमच्या लैंगिक आयुष्याविषयी चौकशी आणि शेरेबाजी करीत, असा त्यांचा आरोप होता. डॉरन्स यांनी छळाचा आरोप सपशेल नाकारला, मात्र अनुचित थट्टेत आपण सामील झालो हे मान्य केले. त्यांपैकी एकीचा खटला खालच्या न्यायालयाने काढून टाकला होता. २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो पुन्हा जिवंत केला, आणि तसे करताना प्रशिक्षक व विद्यार्थिनी यांच्या वयांतील व सत्तेतील अंतराची आवर्जून दखल घेतली. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्यामुळे आरोपांच्या खरेखोटेपणाचा न्यायनिवाडा झालाच नाही, आणि तो येथे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु फिर्याद तक्त्यावरून उद्भवली नाही, ही गोष्ट मला फार सूचक वाटते.

या पद्धतीचे समर्थक म्हणतील, की तो जिव्हाळा वजा केला असता तर विजेत्या घडल्याच नसत्या. मला तसे वाटत नाही. हॅम पहाटे धावत होत्या त्या चिठ्ठी हाती पडण्यापूर्वी. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर, डॉरन्स निवृत्त झाले, तरी त्यांचे सहायक डेमन नाहास यांच्या हाताखाली त्याच हंगामात संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.