उसनी मोकळीक

खांदा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेलो. हात वर करा, मागे न्या, मान वळवा, असं सगळं झाल्यावर ते म्हणाले, "सांधा चांगला आहे." मग मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत उतरणारा जाड स्नायू त्यांनी चिमटीत धरला. आत सुतळीसारखं काहीतरी सरकत होतं. एका गाठीवर बोट थांबलं, दाब पडला आणि कळ कानामागून थेट कानशिलात गेली. "हीच का तुमची डोकेदुखी?" हीच होती. आठ महिने मी तिच्यावर गोळ्या घेत होतो.

दुखतं एकीकडे आणि दुखणं असतं दुसरीकडे, हे १९३८ साली लंडनमध्ये जॉन केलग्रेन यांनी पद्धतशीर दाखवून दिलं. धडधाकट माणसांच्या स्नायूंत खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन द्यायचं आणि कुठे दुखतं ते विचारायचं. सुई टोचलेल्या जागेपासून बरंच लांब दुखायचं.

पण ही गाठ म्हणजे काय? आपण म्हणतो, स्नायू आखडला. आखडायला ताकद लागते हे आपल्याला माहीत असतं. सुटायलाही लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. मेल्यावर शरीर ताठ होतं ते याचमुळे: ऊर्जा संपते आणि आखडलेले तंतू एकमेकांना सोडू शकत नाहीत. गाठीतही थोडंफार असंच घडत असावं, असं या विषयातले बरेच जण मानतात. तंतू घट्ट होतात, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्त कमी पोहोचतं, ऊर्जा कमी पडते, म्हणून तंतू सुटत नाहीत. आणि सुटत नाहीत म्हणून रक्त पोहोचत नाही. या मांडणीवर वाद आहेत. पण नुसत्या आरामाने माझा खांदा का मोकळा होत नव्हता, ते मला तरी यातूनच उमगलं.

डॉक्टरांनी सुचवलेलं इंजेक्शन हे चक्र एका जागी तोडतं. डॉक्टरांनी स्नायू पुन्हा चिमटीत उचलून धरला. खाली फुप्फुसाचं टोक असतं, तिथे सुई जाता कामा नये. सुई गाठीत शिरली आणि स्नायू आपसूक टचकन उडाला, गळाला मासा लागावा तसा. औषध होतं लिग्नोकेन, दाढ काढताना देतात तेच. त्याचा बधिरपणा तास-दोन तासांत ओसरतो, मग आराम कित्येक दिवस कसा टिकतो? चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली लिहिलं, की नेमक्या जागी नुसती सुई टोचली, औषध नसलं, तरी गुण येतो. बरंचसं काम सुईचंच असतं.

दोन दिवस जागा ठणकली, शेक घेतला, आणि तिसऱ्या दिवशी खांदा हलका झाला. इथेच माझं चुकलं. बरं वाटलं म्हणजे बरं झालं, असं समजून मी फिजिओथेरपीला गेलोच नाही. महिना भरायच्या आत सुतळी पुन्हा हाताला लागली.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पाठीची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल १९५५पासून त्यांच्या स्नायूंत प्रोकेनची इंजेक्शनं देत. या उपचाराला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत ट्रॅव्हेल यांचं नाव पहिलं, आणि त्यांची नजर नुसत्या सुईवर नव्हती: केनेडींचा डावा पाय किंचित आखूड आहे हे हेरून त्यांनी बुटाची टाच वाढवून दिली होती. तरीही इंजेक्शनं वाढत गेली. अखेर १९६१च्या शरद ऋतूत हान्स क्राउस या गिर्यारोहक डॉक्टरांना बोलावलं गेलं. त्यांनी आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला सुरुवात केली, आणि पाठीत ताकद येऊ लागली.

सुईने मिळते ती उसनी मोकळीक. त्या थोड्या दिवसांत स्नायू न दुखता ताणता येतो, आणि तेवढ्यात त्याला त्याची मूळची लांबी पुन्हा शिकवावी लागते. दुखत असताना हे जमत नाही, कारण ताणलं की तो अंग चोरतो. दुसऱ्या इंजेक्शननंतर मी त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. दुखऱ्या बाजूचा हात मांडीखाली दाबून बसायचं, मान विरुद्ध बाजूला सोडायची, तीस सेकंद, तीन वेळा. ताण सुसह्य झाल्यावर रबरी पट्टा आला: दाराच्या कडीला अडकवून मागे ओढायचा, फरे एकमेकांजवळ आणायचे, खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. पाठीच्या खालच्या स्नायूंनी आपला भार उचलला, तर वरच्याला एकट्याने राबावं लागत नाही.

चौथ्या भेटीत बाईंनी मला टेबलाशी बसलेला फोटो आणायला सांगितलं. त्यांनी तो मोठा करून कोपरावर बोट ठेवलं. टेबल उंच, खुर्चीला हात नाहीत, कोपर अधांतरी. दिवसाचे आठ तास तो स्नायू माझा अख्खा हात तोलून धरत होता. सुताराने टेबलाचे पाय तीन इंच कापून दिले. पट्टा अजून कडीलाच आहे.