चार हजार दुवे, एक तुकडा

मेंदूची 90 क्षेत्रांत वाटणी केली की दोन-दोन क्षेत्रांच्या जोड्या 4005 होतात. एफएमआरआय यंत्रात माणूस स्वस्थ पडलेला असतो आणि प्रत्येक क्षेत्रातल्या रक्तातील प्राणवायूचे चढउतार नोंदवले जातात. ज्या दोन क्षेत्रांचे चढउतार एकमेकांच्या सोबतीने चालतात, त्यांच्यात दुवा आहे असे मानतात. भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले, की बोटही हलत नसताना मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांतली हालचालीची क्षेत्रे अशी सोबत राखतात. या विषयातले पुढचे बरेचसे काम त्या निरीक्षणातून वाढले.

आता समजा, स्किझोफ्रेनिया असलेले 20 जण आणि नसलेले 20 जण तपासले. दोन्ही गटांचे दुवे वेगळे आहेत का? सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक दुव्यावर टी-कसोटी लावायची. पण नेहमीची 5 टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर कसलाही फरक नसताना सरासरी 200 दुवे ‘वेगळे’ निघतील. यावर बॉनफेरोनीची दुरुस्ती जुनी आहे: मर्यादेला कसोट्यांच्या संख्येने भागा. मग प्रत्येक दुव्याने योगायोगाची शक्यता ऐंशी हजारांत एकापेक्षा कमी असल्याचे सिद्ध करायला हवे. 40 माणसांच्या नोंदींत इतका ठळक फरक क्वचितच असतो. खोटे दुवे जातात, पण त्यांच्याबरोबर खरेही जातात.

2010 मध्ये झालेस्की, फोर्निटो आणि बुलमोर यांनी ‘न्यूरोइमेज’मध्ये या पेचातून एक वाट मांडली. आजार सहसा एकट्या दुव्याला धरत नाही. एखादे क्षेत्र बिघडले की त्याच्यापासून निघणारे कितीतरी दुवे एकदम सैल पडतात, म्हणजे खरे फरक एकमेकांना चिकटून असतात. तेव्हा एकेका दुव्याला न विचारता, फरक दाखवणारे दुवे एकमेकांना जोडून केवढा सलग तुकडा बनतो, ते विचारावे.

आधी एक उंबरठा ठरवायचा, उदाहरणार्थ टी-मूल्य 3. त्याहून मोठा फरक असलेले दुवे ठेवायचे, बाकीचे सोडायचे. उरलेल्यांतला सर्वांत मोठा सलग तुकडा शोधून त्यातले दुवे मोजायचे. समजा 38 भरले. ही संख्या मोठी की लहान, हे ठरवायला तयार कोष्टक नाही. ते आपल्याच नोंदींतून तयार करावे लागते आणि मला या पद्धतीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ ही 40 लेबले पत्त्यांसारखी पिसायची, नव्याने वाटायची आणि सगळी मोजणी पुन्हा करायची. या खोट्या गटांतला सर्वांत मोठा तुकडा केवढा, ते टिपून ठेवायचे. असे 5000 वेळा. त्यांतल्या 60 खेपांना 38 किंवा त्याहून मोठा तुकडा निघाला, तर पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा तुकडा निघण्याची शक्यता, 0.012. पिसताना माणसाचे 4005 आकडे फुटत नाहीत, ते एकत्रच इकडून तिकडे जातात. त्यामुळे दुव्यांचे आपसांतले संबंध शाबूत राहतात आणि त्यांबद्दल काही गृहीत धरावे लागत नाही.

उंबरठा सैल ठेवून मात्र चालत नाही. एर्देश आणि रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी 1960 च्या सुमारास सिद्ध केले, की ठिपक्यांच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक दुवे आंधळेपणाने टाकले की त्यांतून एक अवाढव्य तुकडा आपोआप जुळू लागतो. आपल्याकडे 90 क्षेत्रे, म्हणजे 90 ठिपके आहेत, म्हणून ही वेस 45 दुव्यांपाशी येते. 5 टक्क्यांच्या उंबरठ्यावर योगायोगाचेच 200 दुवे असतील, तर ते जवळजवळ सगळ्या मेंदूभर जुळतील आणि खरा तुकडा त्यात बुडून जाईल. टी-मूल्य 3 ठेवले तर वाढ आणि घट दोन्ही धरून योगायोगाचे दुवे सुमारे 20 उरतात, तेही विखुरलेले. खऱ्या मेंदूतले दुवे एकमेकांपासून स्वतंत्र नसल्याने हा हिशेब ढोबळच आहे. पण उंबरठा निकाल बघण्याआधी का ठरवावा, ते त्यातून कळते.

मग हाती काय आले? पी-मूल्य 0.012 हे त्या 38 दुव्यांच्या तुकड्याचे आहे. त्यातला अमुक एक दुवा, समजा कपाळामागच्या भागाला कानशिलामागच्या भागाशी जोडणारा, रुग्णांमध्ये सैल आहे, असे म्हणण्याचा अधिकार या कसोटीने दिलेला नाही. 38 पैकी काही दुवे योगायोगाने चिकटलेले असू शकतात आणि ते कोणते, हे कळायला मार्ग नाही. तरीही कित्येक लेखांत पुढच्याच परिच्छेदात एकेका दुव्याचे नाव घेऊन लक्षणांचा अर्थ लावला जातो. तिथे मी वाचताना थबकतो. दुसऱ्या बाजूला, एकट्या दुव्यात फार मोठा फरक असेल तर ही पद्धत तो गमावते. त्यासाठी एकेका दुव्याचा निकाल देणारी, 1995 ची बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची पद्धत बरी.

लेबले पिसल्याने गट वेगळे आहेत एवढेच कळते, कशामुळे ते नव्हे. पॉवर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले, की यंत्रात डोके जराही हलले तर जवळच्या क्षेत्रांतले दुवे बळकट आणि लांबचे दुबळे भासतात. एका गटाची माणसे अधिक हलली असतील, तर त्यातूनही सलग, भरघोस तुकडा तयार होतो आणि कसोटी त्याला प्रामाणिकपणे उत्तीर्ण करते. म्हणून असा लेख हाती आला, की पी-मूल्याआधी मी दोन्ही गटांच्या डोक्याच्या हालचालीचा तक्ता शोधतो.