दुरुस्तीचा उपाय आणि शब्दप्रमाण

एखादा उपाय लागू पडला एवढ्यावरून तो सांगणाऱ्याला ज्ञान होते असे म्हणता येते का, आणि ऐकून तो करणाऱ्याला ज्ञान झाले असे मानता येते का, या प्रश्नाचा भारतीय दर्शनांनी यज्ञ, औषध आणि मोक्ष यांच्या संदर्भात शतकानुशतके विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न एका नव्या वस्तूच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला, मात्र तो दर्शनाचा प्रश्न आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती वस्तू म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर, एका माणसाने एका टेबलावर बसून चालवण्याचा संगणक. आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला; जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीसारख्या गावी, असे यंत्र येण्यास त्यानंतर बराच काळ जावा लागला, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केल्यावर ग्रामीण महाराष्ट्रात संगणक शिकणे ही सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली गोष्ट झाली. यंत्र आले, परंतु त्याच्याबरोबर अभियंता आला नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, दुरुस्ती करणारा जालन्याला किंवा औरंगाबादला होता, उन्हाळ्यात व्होल्टेज पडत असे, आणि काळ्या मातीची बारीक धूळ कॅबिनेटच्या पंख्यातून आत जात असे. अशा स्थितीत संगणक चालू राहिला तो मुख्यतः तोंडी सांगितलेल्या उपायांवर: डिस्प्ले येत नसेल तर रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसव, संगणक हँग झाला तर नुसता रीस्टार्ट न करता मागचे बटण बंद करून थोडा वेळ थांब, दुसऱ्याची फ्लॉपी तपासल्यावाचून आत घालू नको.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त या पारिभाषिक शब्दाचा येथे नातेवाईक या रोजच्या अर्थाशी संबंध नाही. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी या इच्छेने जो बोलतो तो आप्त. यापुढे जाऊन वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. या विधानाचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच ठरेल. ज्या समाजात कोणी बोलावे आणि कोणी केवळ ऐकावे हे जन्मावरून ठरत आले, त्या समाजातील एक शास्त्रग्रंथ असे नोंदवतो की विश्वासार्हता बोलणाऱ्याच्या कुळात नसून जाणण्यात आणि सांगण्याच्या प्रामाणिकपणात आहे. सुरू होताना संगणक जी आत्मतपासणी करतो तिच्यात दोष आढळला तर तो बीप वाजवून ते कळवतो, आणि एक लांब व दोन आखूड बीप वाजले तर अनेक संगणकांत दोष पडदा चालवणाऱ्या कार्डाचा असतो, एवढे ज्याने स्वतः पारखले आहे असा कोणत्याही घरातला मुलगा किंवा मुलगी त्या विषयापुरती आप्त होती, मग पदवी असो वा नसो. ग्रामीण महाराष्ट्रात संगणकाने जे सामाजिक काम केले त्यातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याची दखल मात्र सर्वांत कमी घेतली गेली आहे.

शब्दप्रमाणाविषयी सर्व दर्शनांचे एकमत नाही. वैशेषिक आणि बौद्ध तार्किक शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत. त्यांच्या मते सांगणाऱ्याच्या भरवशावरून आपण अनुमानच करीत असतो. अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथातील, कालाम लोकांना केलेल्या उपदेशात बुद्धाने, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, असे सांगितले आहे. ही भूमिका आणि नैयायिकांची भूमिका वरवर विरोधी दिसत असल्या तरी एका ठिकाणी त्या एकत्र येतात: ऐकलेले तपासता आले पाहिजे. संगणकाच्या बाबतीत हे तपासणे कसे होत असे, हे पाहिल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही.

दोष शोधण्याची जी रीत संगणक दुरुस्त करणारे वापरत आले, तिला न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक असे नाव आहे. एक गोष्ट असताना दुसरी असणे हा अन्वय, आणि ती नसताना दुसरीही नसणे हा व्यतिरेक. बंद पडलेल्या संगणकातली रॅम चालू संगणकात बसवावी. दोष रॅमबरोबर गेला आणि चांगली रॅम बसवताच पहिला संगणक सुरू झाला, तर दोष रॅममध्ये आहे हे दोन्ही बाजूंनी ठरते. यातला एकच अर्धा भाग करून थांबणे ही नेहमीची चूक होती. रॅम काढून घासून परत लावली आणि संगणक सुरू झाला एवढ्यावरून घासण्याने काम झाले असे म्हणता येत नाही, कारण काढून परत बसवण्यानेही सैल झालेला जोड घट्ट होतो. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांनी खाचेत बसवलेल्या चिपा हळूहळू वर सरकतात, हे त्या काळातील यंत्रांचे सर्वज्ञात दुखणे होते. १९८० मध्ये आलेल्या ॲपल थ्री या संगणकाच्या मालकांना तर यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडावे, म्हणजे चिपा जागेवर बसतील, असा सल्ला दिला गेल्याचे प्रसिद्ध आहे.

याहून सूक्ष्म असा एक विचार न्यायशास्त्रात आहे, तो उपाधीचा. धूर असेल तेथे अग्नी असतो हे खरे, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण धुरासाठी ओले इंधन लागते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी, म्हणजे ज्या अटीवर संबंध टिकतो पण जी बोलण्यातून गळून जाते ती अट. तोंडी उपायांचा खरा धोका येथेच आहे. संगणकाचे घड्याळ मागे पडू लागले आणि सुरू होताना त्याला हार्ड डिस्क सापडेना, की काही तास तो चालूच ठेवावा, मग सगळे नीट होते, असा एक उपाय होता. तो खोटा नव्हता. ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या पिढीतील अनेक मदरबोर्डांवर पुन्हा चार्ज होणारी निकेल-कॅडमियमची बॅटरी असे, तारीख-वेळ आणि हार्ड डिस्कची मापे ज्या स्मृतीत साठवली जात तिला तीच वीज पुरवी, आणि संगणक महिनाभर बंद राहिला की ती उतरे. तेव्हा संगणक चालू ठेवल्याने ती खरोखर भरत असे, हार्ड डिस्कची मापे तेवढी सेटअपमध्ये पुन्हा भरावी लागत. पुढे त्या जागी लिथियमची चपटी गोल बॅटरी आली, जी चार्ज होतच नाही. उपाय मात्र तोच राहिला, आणि तो मानणारे रात्र-रात्र संगणक चालू ठेवत राहिले. ज्याने हा उपाय पहिल्यांदा सांगितला तो आप्त होता. ज्याने तो अटीवाचून पुढे दिला त्याने खरेच सांगितले, तरी ऐकणाऱ्याच्या हाती आले ते ज्ञान नव्हते. एकाच वाक्याचे तोंड बदलले की त्याचे प्रामाण्य असे बदलू शकते, हे या उदाहरणातून स्वच्छ दिसते.

अटीवाचून चालत आलेला उपाय काही काळाने विधी होतो, आणि येथे प्रश्न धर्मविचाराच्या सीमेत शिरतो. भारतातील कितीतरी संगणक कक्षांत चपला बाहेर काढून आत जाण्याची पद्धत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू लावण्याचा प्रघात तर सर्वत्रच आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत. पूजा ही कृतज्ञता आहे, ती उपाय असल्याचा दावा करीत नाही, आणि म्हणून तिच्यावर तर्काचे शस्त्र चालवण्याचे काही कारण नाही. चपला काढण्याला मात्र कारण होते: फ्लॉपी ड्राइव्ह उघडी असे, तिचे वाचणारे डोके चकतीला प्रत्यक्ष टेकत असे, आणि धुळीचा कण मध्ये आला तर चकतीवर ओरखडा पडून मजकूर जात असे. मीमांसादर्शनाने अशा कृतींचे दोन प्रकार केले आहेत: जिचे फळ डोळ्यांना दिसते ती दृष्टार्थ आणि जिचे फळ दिसत नाही ती अदृष्टार्थ. जेथे दृष्ट फळ सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, असा मीमांसकांचा दंडक आहे. यज्ञासाठी भात कांडतात तो भूस निघावा म्हणून. मग भाताच्या जागी कृष्णल, म्हणजे सोन्याचे दाणे, घेण्यास सांगितले असेल तर ते कांडायचे का, या प्रश्नाला मीमांसेने उत्तर दिले की कांडायचे नाहीत, कारण त्यांना भूसच नाही. ज्या शास्त्राला कर्मकांडाचे शास्त्र म्हणून हिणवले जाते, ते कारण संपताच कर्म सोडून द्यावे असे सांगते, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी आणि तंत्रज्ञांनीही मनावर घेण्याजोगी आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मराठवाड्याच्या हवेतलेच आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात, म्हणजे वीजजोडणीतील चुकार प्रवाह जमिनीत उतरवण्यासाठी धातूची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून पुरलेल्या खड्ड्यात, उन्हाळ्यात पाणी घालावे असा उपाय सांगितला जाई. जमिनीला केलेले हे जलदान पाहणाऱ्याला निव्वळ विधी वाटेल. पण कोरडी माती विजेला अडवते आणि ओली माती तिला वाट देते. एप्रिल-मे महिन्यांत टेंभुर्णीच्या परिसरातली जमीन भेगाळते तेव्हा कोरडा पडलेला खड्डा निरुपयोगी होतो आणि कॅबिनेटला हात लावताच झटका बसतो. बाह्य रूपावरून कोणती कृती अंधश्रद्धा आणि कोणती ज्ञान हे ठरवता येत नाही. ते ठरते कारण विचारल्यावर काय उत्तर मिळते यावर.

टेंभुर्णी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोध या ग्रंथात शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशा तीन प्रचीतींचा मेळ मागितला आहे, म्हणजे ग्रंथाचे सांगणे, शिकवणाऱ्याचे सांगणे आणि स्वतःचा अनुभव ही तिन्ही एका ठिकाणी आली पाहिजेत. रामदासांचा विषय ब्रह्मज्ञान आहे, यंत्र नव्हे, आणि दोन्हींची सरमिसळ करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. तरीही पुस्तिका, सांगणारा आणि स्वतः उघडून पाहिलेला संगणक यांपैकी एकावरच विसंबणाऱ्याची जी फसगत होते, ती ओळखण्यास ही त्रिपुटी पुरेशी आहे. आपल्याला जे येते ते इतरांना देऊन भोवतालचे लोक जाणते करावेत, असाही रामदासांचा आग्रह आहे. त्याच्या मागे वैदिक काळापासूनची ऋषिऋणाची कल्पना उभी आहे: माणूस पूर्वीच्या ज्ञात्यांचा ऋणी म्हणून जन्मतो आणि ते ऋण अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते.

येथे एक आक्षेप येतो व तो गंभीर आहे. ज्याचे पोट दुरुस्तीवर आहे त्याने उपाय वाटून टाकले तर त्याने जगावे कसे? व्यक्तिगत संगणकाच्या इतिहासात हा वाद अगदी आरंभी झाला. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, तेथे हौशी मंडळी विद्युत परिपथांच्या आकृत्या आणि युक्त्या मोकळेपणाने एकमेकांना देत. आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी लोकांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात, आपली आज्ञावली फुकट नकलून घेणे ही चोरी आहे, अशी तक्रार केली. या वादात श्रम आणि ज्ञान वेगळे केले की बरीच गुंतागुंत सुटते. संगणक उघडणे, भाग बदलणे, त्यासाठी येणे-जाणे याचा मोबदला घेणे न्याय्य आहे. काय बिघडले होते आणि का, हे ग्राहकापासून लपवणे न्याय्य नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायातून १९९० च्या दशकात क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. एकेका संगणकावरचा उपाय सर्वांना वापरता येईल अशा रूपात आणूनही उपजीविका साधते, इतके तरी यावरून सिद्ध होते.

देण्याबरोबर जबाबदारीही येते. १९९० मध्ये भारतात आढळलेला जोशी नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात बसून पसरे आणि ५ जानेवारीला जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करेपर्यंत संगणक अडवून धरी. रीस्टार्टने तो स्मृतीतून जात नसे, म्हणून वीजच बंद करून, लिहिण्यास बंदी केलेल्या शुद्ध फ्लॉपीवरून संगणक सुरू करावा लागे. मागचे बटण बंद करण्याच्या उपायाला जी कारणे होती त्यांतले एक हे होते, आणि ते ज्याला ठाऊक नव्हते त्याने घाईत रीस्टार्ट करून, मदत म्हणून दिलेल्या फ्लॉपीबरोबर रोगही दिला. सद्हेतू असणे ही आप्ताची एक अट आहे. स्वतः जाणणे ही दुसरी, आणि तिच्यावाचून पहिली अपुरी पडते.

तोंडी उपायांच्या त्या वर्षांत मराठवाड्यात संगणक दुरुस्त करणारे, केंद्रांत शिकवणारे आणि टायपिंगच्या दुकानांत बसणारे लोक आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यातील अनेकांच्या वह्यांत हे उपाय अजून असतील. त्यांनी प्रत्येक उपायासमोर त्याचे कारण आणि तो कोणत्या अटीवर चालतो हे मराठीत लिहून काढावे, आणि त्याची एक प्रत आपल्या गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यावी.