राजकवी भक्त श्रीकृष्णदेवराय

भगवंताच्या द्वारी राजा आणि रंक एकाच रांगेत उभे असतात. विजयनगरचे सम्राट श्रीकृष्णदेवराय यांचे चरित्र याची साक्ष देते. इ. स. १५०९ ते १५२९ अशी वीस वर्षे त्यांनी तुंगभद्रेच्या तीरावरून राज्य केले. राज्यारोहणाप्रीत्यर्थ त्यांनी हंपीच्या श्रीविरूपाक्ष मंदिरात रंगमंडप उभारला. उदयगिरी जिंकल्यावर तेथील बाळकृष्णाची मूर्ती राजधानीत आणून इ. स. १५१५ मध्ये तिची प्रतिष्ठापना केली. इ. स. १५२० मध्ये रायचूरचा रणसंग्रामही जिंकला. तिरुमलेच्या श्रीव्यंकटेशास त्यांनी अपार सुवर्ण व रत्ने अर्पिली. तथापि तेथे आजही त्यांची मूर्ती दोन्ही राण्यांसह हात जोडूनच उभी आहे.

अशा या राजाने तेलुगू भाषेत 'आमुक्तमाल्यदा' हे महाकाव्य रचले. राजधर्माचा उपदेशही त्यात आहे. पण काव्याचे नाव आले आहे ते एका माळेवरून. श्रीविल्लिपुत्तूर येथील विष्णुचित्त देवासाठी माळा गुंफीत. त्यांची कन्या गोदा ती माळ आधी स्वतः धारण करी. पित्याने ती माळ उष्टी मानली. भगवंताने मात्र तीच प्रिय मानिली.

याच काव्यात मालदासरीची कथा आहे. समाजाने अस्पृश्य मानलेला हा भक्त पहाटे देवापुढे गाण्यास निघाला असता ब्रह्मराक्षसाच्या हाती सापडला. "गायन करून परत येतो," असे वचन देऊन तो गेला आणि मृत्यू समोर दिसत असताही परतला. तेव्हा ज्ञानाचा अभिमान मिरवून अधोगतीस गेलेल्या त्या राक्षसाने त्याच्याच पायी लोळण घेऊन एका गीताचे पुण्य मागितले व तो उद्धरला. सिंहासनावर बसलेल्या कवीने ही थोरवी गायिली, हे विशेष होय.

आपल्या वारकरी संप्रदायातही एक कथा सांगतात. विजयनगरच्या राजाने पंढरीचा विठ्ठल आपल्या नगरीत नेला आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी तो परत आणिला. ही कथा कृष्णदेवरायांशीच जोडली जाते. राजाची भक्ती खरी होती. पण देव आपल्यापाशीच असावा, या इच्छेत ममत्वही होते. भानुदासांपाशी सैन्य नव्हते, होते केवळ नाम. इ. स. १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईनंतर ते वैभवशाली नगर उद्ध्वस्त झाले. हंपीच्या विठ्ठल मंदिराचे गर्भगृह आज मूर्तीविना रिते आहे. पंढरीची वारी मात्र चालूच आहे.

भाविकहो, आपणही देवापुढे काहीतरी घेऊन येतो. आणलेल्या फुलासोबत 'मी दिले' हा भाव आला, तर ते फूल जड होते. मालदासरीपाशी द्रव्य नव्हते. दिलेला शब्द आणि गळ्यातील गाणे एवढेच त्याचे धन होते. दर्शन घेऊन परतताना दिलेला एक शब्द पाळण्याचा, पुढे उभ्या असलेल्या वृद्धास वाट देण्याचा संकल्प आपण करावा. तीच आपली माळ श्रीचरणी रुजू होईल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥