‘या वयातही’ : वृद्ध रॉक गिटारवादक आणि कौतुकाची नीती

रॉक संगीताने आपली मूल्यव्यवस्था तारुण्याशी जितकी घट्ट बांधून घेतली, तितकी अन्य संगीतप्रकारांनी क्वचितच बांधून घेतली असेल. १९६५ साली ‘द हू’ या लंडनच्या वाद्यवृंदासाठी पीट टाउनशेंडने ‘माय जनरेशन’ हे गीत लिहिले तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वार्धक्यापेक्षा मरण बरे, हा त्या गीतातला भाव एका पिढीने जाहीरनाम्यासारखा उचलून धरला. जिमी हेंड्रिक्स १९७० साली सत्ताविसाव्या वर्षी आणि ड्वेन ऑलमन १९७१ साली चोविसाव्या वर्षी गेला. या अकाली मृत्यूंनी त्या जाहीरनाम्याला जणू हौतात्म्याची मोहोर लावली. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य वादक जगले. टाउनशेंड स्वतःही सत्तरी ओलांडल्यावर तेच गीत रंगमंचावर वाजवीत होता. ज्या कलेने म्हातारपणाची तरतूदच केलेली नव्हती तिच्यात म्हातारे कलावंत निर्माण झाले आणि त्यांतले काही जण पूर्वीपेक्षा सरस वाजवू लागले. या घटनेविषयी रसिकांना वाटणारे कौतुक उघड आहे. प्रश्न आहे तो त्या कौतुकाच्या स्वरूपाचा. हे कौतुक नेमके कशाचे असते, आणि ते नैतिक दृष्ट्या निर्दोष असते काय?

या कौतुकाचे नेहमीचे वाक्य ‘या वयातही काय वाजवतो!’ असे असते. त्यातल्या ‘ही’ या एकाक्षरी अव्ययाकडे लक्ष दिले पाहिजे. ते वाक्याचा अर्थ केवळ ठसठशीत करीत नाही, एक गृहीतक त्यात चोरपावलांनी आणून ठेवते. वय हा अडथळा आहे, घसरण हा नियम आहे आणि समोरचा वादक त्या नियमाला अपवाद आहे, असे ते गृहीतक. स्तुती ही अपवादाची होते. नियमाविषयीचा तुच्छभाव तसाच शाबूत राहतो. मराठी समीक्षेला ही वाक्यरचना अपरिचित नाही. ‘स्त्री असूनही’, ‘खेड्यातला असूनही’, ‘दलित असूनही’ अशा शब्दांत झालेले गौरव लेखकांना का बोचले, याची चर्चा मराठीत पुरेशी झाली आहे. वृद्धाच्या वाट्याला येणारे ‘ही’ याच जातीचे आहे. फरक इतकाच की त्याबद्दल तक्रार करण्याची प्रथा अजून पडलेली नाही.

या वाक्याला एक पर्याय संभवतो. ‘या वयातही’ऐवजी ‘या वयामुळे’ असे म्हणता येईल काय? म्हणजे वय हे उत्कर्षाचे कारण होते, केवळ पार्श्वभूमी नव्हे, असे दाखवून देता येईल काय? ख्यालगायकीच्या श्रोत्याला हा प्रश्नच विचित्र वाटेल. पिकलेला गळा ही तेथे स्वाभाविक अपेक्षा आहे. रॉकमध्ये मात्र ते सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करायचे तर एखाद्या वादकाच्या वादनातच शिरावे लागते. त्या दृष्टीने जेफ बेक (१९४४–२०२३) हे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते.

बेक १९६५ साली ‘यार्डबर्ड्स’मध्ये आला तो एरिक क्लॅप्टनच्या रिकाम्या जागेवर. त्या काळातले त्याचे वादन चमकदार, आक्रमक आणि काहीसे आगाऊ आहे. १९७५ सालच्या ‘ब्लो बाय ब्लो’ या ध्वनिमुद्रिकेत (निर्माता होता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन) तो गायकाचा आधार सोडून केवळ वाद्यावर उभा राहिला. सामान्य हिशेबाने येथे शिखर मानून थांबायला हरकत नव्हती. खरी घटना त्यानंतरची आहे. १९८०च्या दशकात, म्हणजे चाळिशीच्या आसपास, त्याने पिक टाकून दिले आणि तो उघड्या बोटांनी वाजवू लागला. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या या बदलाने सगळ्या हाताची व्यवस्थाच पालटली. अंगठा तार छेडतो, करंगळी आवाजाच्या बटणाशी खेळती राहते, आणि उरलेला हात ब्रिजला जोडलेल्या दांड्यावर टेकून तारेचा ताण कमीजास्त करतो. स्वर छेडला जाण्याच्या क्षणी आवाज मिटलेला ठेवून मागाहून उघडला, तर आघात ऐकूच येत नाही. स्वर श्वासासारखा उमलतो. गिटार हे मुळात आघाताचे वाद्य. त्याचा आघातच पुसून त्याला कंठाच्या जवळ नेण्याचा हा उद्योग होता.

१९८९ सालची ‘व्हेअर वेअर यू’ ही रचना या उद्योगाचे पहिले परिपक्व फळ म्हणता येईल. बल्गेरियन स्त्रियांच्या वृंदगायनाच्या प्रभावाखाली घडलेल्या या रचनेत धुन बव्हंशी तारेच्या अनुनादी स्वरांवर, म्हणजे हार्मोनिक्सवर, उभी आहे. हे स्वर तारेवर ठरावीक जागीच सापडतात. मधले स्वर दांडा दाबून किंवा उचलून कानाच्या अंदाजाने मिळवावे लागतात. तेथे पडद्यांचा आधार नाही. चूक झाली तर ती उघडी पडते, कारण तिला झाकायला वेगही नसतो. पंचविशीतल्या बेकजवळ वेग होता, म्हणून त्याला या जोखमीची गरज नव्हती, असेही म्हणता येईल.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण येथे देता येते. नितीन साहनी यांच्या १९९९ सालच्या ‘बियाँड स्किन’ या संग्रहातील ‘नादिया’ ही रचना स्वाती नाटेकर यांनी गायिली आहे. ती बेकने आपल्या २००१ सालच्या ‘यू हॅड इट कमिंग’मध्ये गिटारवर घेतली. पाश्चात्त्य वादकाने भारतीय धुन उचलणे यात नवीन काही नाही. १९६०च्या दशकात तर त्याची साथच आली होती आणि तिचा बराचसा भाग सतारीच्या वासाच्या उदबत्तीपलीकडे गेला नाही. येथे वेगळे घडले आहे. बेक राग वाजवू पाहत नाही. तो एका विशिष्ट गळ्याच्या मागे जातो : स्वर कोठून उचलला, मींड कोठे रेंगाळली, कोठे झटकन सोडली. सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास एखादा नामवंत वादक दुसऱ्या परंपरेतल्या गायिकेच्या लकबींचा विद्यार्थी होतो, ही बाब त्या वादनाच्या सौंदर्याइतकीच महत्त्वाची आहे.

नोव्हेंबर २००७ मध्ये लंडनच्या ‘रॉनी स्कॉट्स’ या छोटेखानी जाझ क्लबात झालेल्या त्याच्या मैफली ध्वनिमुद्रित आहेत. स्टीव्ही वंडरची ‘कॉज वी हॅव एन्डेड ॲज लव्हर्स’ ही रचना १९७५ साली आणि येथे, अशी दोन्ही वेळा ऐकता येते. पहिल्या वादनात विरहाचे वर्णन आहे आणि ते सुंदरच आहे. दुसऱ्यात वाक्ये तुटक झाली आहेत, मधली शांतता लांबली आहे आणि एकेका स्वराच्या पोटात चढउतार आले आहेत. त्याच रचनेत एकल वादनाचा दीर्घ अवकाश बेकने बासगिटार वाजवणाऱ्या टाल विल्कनफेल्ड या वीस वर्षांच्या वादिकेला दिला आहे. पिढ्यांच्या वैरावर पोसलेल्या संगीतात त्रेसष्ट वर्षांचा प्रमुख वादक आपला सर्वांत भावपूर्ण क्षण दुसऱ्याकडे सोपवतो, हा प्रसंग ‘माय जनरेशन’च्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

समीक्षेच्या परिभाषेत अशा वादनाला ‘उत्तरशैली’ म्हणण्याचा मोह होईल. अडोर्नोने बेथोव्हेनविषयीच्या १९३७ सालच्या निबंधात मांडलेली आणि एडवर्ड सईदच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने (२००६) पुन्हा चर्चेत आणलेली ही संकल्पना. पण ती येथे नीटशी बसत नाही. अडोर्नोची उत्तरशैली भग्न आहे. ती समन्वय नाकारते, भेगा उघड्या ठेवते. बेकच्या वादनात भेगा नाहीत. त्यात गाळणी आहे. त्याने नाकारले ते स्वतःच्याच हातातले सुलभ कौशल्य. सुलभ कौशल्य असल्याशिवाय ते नाकारता येत नाही आणि त्याचा कंटाळा येण्याइतका काळ त्याच्यासोबत काढावा लागतो. ‘या वयामुळे’ या शब्दप्रयोगाला येथे खरा आधार मिळतो.

परंतु एवढ्याने नैतिक प्रश्न मिटत नाही. उलट अवघड होतो. बेकचे हात अखेरपर्यंत त्याच्याशी इमानी राहिले. क्लॅप्टनने २०१६ साली जाहीर केले की मज्जातंतूंच्या विकाराने त्याला वाजवणे कठीण होऊ लागले आहे. दोघे जवळजवळ एकाच वयाचे, इंग्लंडच्या एकाच परगण्यात वाढलेले. एकाच्या मज्जातंतूंनी दगा दिला, दुसऱ्याच्या दिला नाही. यात कोणाची पुण्याई? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७०च्या दशकात ‘नैतिक दैव’ या नावाने जो पेच मांडला तो येथे तंतोतंत उभा राहतो. ज्यावर माणसाचा ताबा नाही त्याबद्दल त्याचे श्रेय-अपश्रेय कसे मोजायचे? सुधारत जाणाऱ्या वृद्धाचे कौतुक निष्काळजीपणे केले, तर ज्याचे सांधे आखडले त्याच्यावर आळसाचा मूक आरोप होतो. आरोग्याला सद्गुण मानण्याची जी खोड आजच्या मध्यमवर्गाला जडली आहे तिचेच हे संगीतातले रूप होय.

दुसरी अडचण चारित्र्याची. वादनातला संयम म्हणजे मनाचा संयम, असे समीकरण रसिक नकळत मांडतात. ते टिकत नाही. १९७६ साली बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध जे उद्गार काढले त्यांच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. काळ्या ब्लूज वादकांचे ऋण शिरावर असलेल्या माणसाचे ते उद्गार होते. पुढे त्याने त्यांबद्दल शरम व्यक्त केली, हेही नोंदवले पाहिजे. पण बोटे शहाणी असताना तोंड शहाणे असतेच असे नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

तरीही या उत्कर्षात नैतिक असे काहीच नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. आयरिस मर्डॉकने ‘द सॉव्हरेंटी ऑफ गुड’ (१९७०) या ग्रंथात परकी भाषा शिकण्याचे उदाहरण दिले आहे. शिकणाऱ्यासमोर एक अशी रचना असते की जिला त्याच्या इच्छेची पर्वा नसते. तिच्यापुढे त्याचा अहं आपोआप लहान होतो. मर्डॉकच्या मते हे अवधान हाच नैतिक जीवनाचा कच्चा माल आहे. १९९३ साली एकोणपन्नाशीच्या उंबरठ्यावर बेकने ‘क्रेझी लेग्ज’ ही ध्वनिमुद्रिका काढली. जीन व्हिन्सेंटच्या साथीदारांपैकी क्लिफ गॅलप हा त्याच्या पोरवयातला आदर्श. त्याचे वादन या मुद्रिकेत जवळजवळ स्वरास स्वर पुन्हा वाजवलेले आहे. स्वतःची शैली जगमान्य झालेल्या माणसाने दुसऱ्याचे अक्षर गिरवत बसावे, याला बाजाराच्या हिशेबात काही अर्थ नव्हता. बाजाराला वृद्ध वादकाकडून स्मरणरंजन हवे असते, म्हणजे त्याने स्वतःचीच नक्कल करावी. बेकने १९६७ सालच्या आपल्याच लोकप्रिय ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’चा आयुष्यभर तिटकारा केला तो यासाठीच. नक्कल करायचीच, तर ती गॅलपची, म्हणजे ज्याच्यापुढे अजून शिकायचे आहे त्याची.

अर्थात ‘उत्तरोत्तर’ हा शब्द बेकलाही अक्षरशः लावता येत नाही. जॉनी डेपसोबतची ‘एटीन’ (२०२२) ही त्याची अखेरची ध्वनिमुद्रिका रॉनी स्कॉट्समधील वादनाच्या जवळपासही येत नाही. म्हणून सुधारणा ही फलाची मोजदाद नसून वादकाच्या तोंडाची दिशा आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ज्याच्या नावाची गिटार रॉकच्या दोन पिढ्यांनी खांद्याला लावली तो लेस पॉल या दृष्टीने आठवतो. १९१५ साली जन्मलेला हा वादक नव्वदी ओलांडल्यावरही न्यूयॉर्कच्या ‘इरिडियम’ क्लबात दर सोमवारी वाजवीत असे. संधिवाताने त्याची बरीचशी बोटे निकामी केली होती, तेव्हा जुन्या धुना उरलेल्या बोटांत बसतील अशा त्याने नव्याने रचून घेतल्या. २००९ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो वारला. तोवर सोमवारच्या त्या टेबलांवर तरुण गिटारवादकही येऊन बसत. वेग त्यांच्याजवळ त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक होता; ते येत ते त्याने कोणता स्वर गाळला हे ऐकायला.