सुप्त प्रतिमेचे अस्तित्व

कार्य उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि चिवट वाद आहे. सांख्यांच्या मते ते असते, फक्त अव्यक्त असते, आणि उत्पत्ती म्हणजे त्याची अभिव्यक्ती. या मताला सत्कार्यवाद म्हणतात. नैयायिक आणि वैशेषिक यांच्या मते घट घडण्यापूर्वी घट नसतोच. मातीत त्याचा प्रागभाव असतो, म्हणजे अनादी काळापासून चालत आलेला आणि घट होताच संपणारा अभाव. म्हणून त्यांचे मत असत्कार्यवाद किंवा आरंभवाद या नावाने ओळखले जाते. दोन्ही पक्षांनी दिलेले दाखले दूध-दही, तीळ-तेल, माती-घट, तंतू-पट असे ठरलेले आहेत, आणि ते इतके घोटले गेले आहेत की त्यांतून नवे काही निघण्याची आशा आता थोडी. एकोणिसाव्या शतकात मात्र या वादासाठीच मुद्दाम घडवल्यासारखी एक वस्तू माणसाच्या हाती आली, ती म्हणजे प्रकाश पडून गेलेला, पण अजून डेव्हलपरमध्ये न बुडवलेला फोटोचा कागद.

हा कागद सर्वांत साध्या रूपात भेटतो तो घरगुती डार्करूममध्ये, संपर्कमुद्रण करताना. संपर्कमुद्रणात, म्हणजे छायाचित्रकार ज्याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात त्यात, एन्लार्जरचे भिंग मध्ये येत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तिच्याच आकाराचे चित्र काढले जाते. न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने बंद केलेली असते आणि तांबडा दिवा लागलेला असतो, कारण तांबड्या उजेडाचा या कागदावर जवळजवळ परिणामच होत नाही. ३६ चित्रांच्या रोलचे सहा-सहा चित्रांचे सहा तुकडे करून ते आठ बाय दहा इंची कागदावर ओळीने मांडतात. कागदाची इमल्शनची बाजू वर आणि निगेटिव्हची खाली, अशी मांडणी असल्याने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरून ठेवणारा कागदावरचा थर आणि चांदीचे चित्र धरून ठेवणारा निगेटिव्हवरचा थर एकमेकांना भिडतात, आणि वर जड काच ठेवून ते दाबून धरले जातात. निगेटिव्ह उलटी पडली तर चित्रातले उजवे-डावे बदलते, शिवाय फिल्मच्या जाडीएवढे अंतर मध्ये आल्याने रेषाही किंचित मऊ होतात. काही सेकंद पांढरा दिवा लावून बंद केला, काच उचलली आणि तुकडे बाजूला केले, की उरतो तो जसाच्या तसा कोरा कागद.

याच पाकिटातला, उजेड न दाखवलेला दुसरा कागद त्याच्या शेजारी ठेवला तर दोहोंत कोणता कोणता हे डोळ्यांना सांगता येत नाही. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन यांच्या सुमारे २० अंश सेल्सिअसच्या द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, सोडले, की पहिले काही क्षण काहीच घडत नाही. मग पहिल्या कागदावर आधी गडद जागा, म्हणजे केस, दाराची फट, झाडाखालची सावली, करड्या डागांनी वर येऊ लागतात आणि दीड-दोन मिनिटांत चित्र पुरे होते. दुसरा कागद तेवढ्या वेळात पांढराच राहतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सत्कार्यवादाच्या बाजूने जे हेतू दिले आहेत, त्यांपैकी दोन असे की कशातूनही काहीही उत्पन्न होत नाही, आणि ज्याच्या ठायी जे करण्याचे सामर्थ्य आहे त्यातूनच ते निघते. ट्रेमधले ते दोन कागद पाहणाऱ्या सांख्याला आपली बाजू येथेच सिद्ध झाली असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

हे प्रकरण फोटोग्राफीच्या जन्मापासून असे नव्हते. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडमधील लेकॉक अॅबी या आपल्या घरातल्या जाळीदार खिडकीची जी इवलीशी निगेटिव्ह काढली, तिच्यात कागद प्रकाशातच डोळ्यांदेखत काळा होत असे. पुढे अल्ब्युमेन कागदावरचे मुद्रणही याच जातीचे होते. तो कागद इतका मंद की एन्लार्जरचा प्रश्नच नव्हता. निगेटिव्हसह चौकटीत बसवून तो उन्हात ठेवायचा आणि चौकटीची अर्धी पाठ उघडून चित्र कितपत आले ते अधूनमधून पाहायचे. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीतल्या नारायण दाजींसारख्या सभासदांचा काळ तो हाच. अशा मुद्रणात कारणाचे कार्य होताना प्रत्येक पायरी दिसते, आणि म्हणून दुधा-दह्याच्या दाखल्यापेक्षा ते तत्त्वज्ञाला अधिक काही देत नाही. सप्टेंबर १८४० मध्ये टॅल्बट यांना गॅलिक आम्लाच्या साह्याने असे आढळले की कागदावर काहीही दिसत नसताना त्यात प्रतिमा असू शकते आणि ती मागाहून वर आणता येते. या न दिसणाऱ्या प्रतिमेला सुप्त प्रतिमा म्हणतात.

सुप्त अवस्था किती काळ टिकू शकते, याचा विलक्षण दाखला उत्तर ध्रुवाच्या वाटेवर सापडला. स्वीडिश अभियंता आंद्रे आणि त्याचे दोन सोबती १८९७ मध्ये बलूनमधून ध्रुवाकडे निघाले आणि नाहीसे झाले. १९३० मध्ये व्हाइट आयलंड या बेटावर त्यांच्या अवशेषांबरोबर न धुतलेल्या फिल्मही मिळाल्या, आणि स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या धुऊन ९३ चित्रे वाचवली. बर्फावर कोसळलेल्या बलूनकडे पाहत उभ्या माणसांचे चित्र त्यांत आहे. तेहतीस वर्षे ते चित्र होते काय? ‘होते’ म्हणावे तर ते कोणत्याही प्रमाणाने गोचर नव्हते, आणि ‘नव्हते’ म्हणावे तर १९३० मध्ये स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत १८९७ चे बलून आले कोठून?

नैयायिकांचा आक्षेप मात्र येथेही बोथट होत नाही. ते विचारतात की कार्य आधीच असेल तर कुंभाराची, म्हणजे येथे डेव्हलपरची, गरज काय. अभिव्यक्तीसाठी गरज आहे म्हणावे तर ती अभिव्यक्ती आधी होती की नव्हती? होती तर द्रावण व्यर्थ, आणि नव्हती तर नसलेले उत्पन्न झाले हे मान्य करावे लागते. अभिव्यक्तीचीही आणखी एक अभिव्यक्ती मानली तर अनवस्था, म्हणजे कोठेही न थांबणारी मालिका, पदरी पडते. डार्करूममधली एक गोष्ट या आक्षेपाला बळ देते. प्रकाश न पाहिलेला तो दुसरा कागद डेव्हलपरमध्ये फार वेळ राहू दिला तर तोही हळूहळू धुरकट आणि मग काळपट होतो. म्हणजे डेव्हलपर हा झाकलेल्या वस्तूवरचा पडदा उचलणारा नाही. तो सर्वच क्षारांची चांदी करू पाहतो, एवढेच की काही कणांची लवकर आणि काहींची उशिरा. चित्र म्हणजे तो वेगातला फरक, आणि वेळेवर कागद बाहेर काढला तरच तो फरक चित्र म्हणून उरतो.

हा फरक कशाचा, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले आहे आणि ते दोन्ही पक्षांना थोडे अडचणीचे आहे. सिल्व्हर हॅलाइडच्या एका स्फटिकावर प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावर चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. ही क्रिया कशी घडते याचा सिद्धान्त गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये मांडला. चारएक अणूंचा पुंजका असला तरी डेव्हलपर त्या स्फटिकाला पकडतो आणि त्यातल्या अब्जावधी आयनांची चांदी करून टाकतो. तेव्हा सुप्त प्रतिमा हा शून्य अभाव नव्हे, तिथे खरोखर काहीतरी आहे. पण जे आहे ते चित्र नव्हे, कारण चित्रातली जवळजवळ सगळी चांदी अजून क्षाररूपातच आहे. मीमांसकांनी अशा ठिकाणी शक्ती नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला होता, जो कार्यावरून अनुमानाने कळतो. नैयायिकांनी तो नाकारला, आणि या बाबतीत तरी त्यांचे बरोबर ठरले असे म्हणावे लागते, कारण जिला शक्ती म्हटले असते ती चार अणूंची साधी वस्तू निघाली.

सांख्यांना याहून कठीण जाते ती एक जुनी, आज क्वचित वापरली जाणारी पद्धत. सुप्त प्रतिमा असलेला थर आधी हायपोत, म्हणजे क्षार विरघळवणाऱ्या द्रावणात, घालून त्यातले सगळे क्षार धुऊन काढता येतात, आणि काळजी घेतली असेल तर चांदीचे ते सूक्ष्म पुंजके मागे उरतात. मग चांदी असलेल्या द्रावणात तो थर बुडवला की बाहेरची चांदी त्या पुंजक्यांवर बसत जाते आणि चित्र उमटते. येथे चित्राचे उपादान, म्हणजे ज्यातून कार्य घडते ते द्रव्य, मूळच्या थरात नव्हतेच. तिळात तेल असते त्या अर्थाने त्या थरात चित्र होते, असे मग म्हणता येत नाही.

यावरून असे दिसते की त्या प्राचीन वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले होते: काय व्हायचे हे ठरलेले आहे का, आणि ते झालेले आहे का. माती-घटाच्या दाखल्यात हे दोन वेगळे करता येत नाहीत, कारण मातीच्या गोळ्यात घटाविषयी काहीच ठरलेले नसते, ते कुंभाराच्या मनात असते. बी-अंकुराच्या दाखल्यातही येत नाहीत, कारण तिथे ठरणे आणि होणे सलग चालते. (दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट काढला आणि दर्शनकारांचा हा लाडका दाखला, त्यांच्या ध्यानी असो वा नसो, फिल्मवर आणला.) कोऱ्या कागदात मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे एकाच वेळी येते. सांख्यांनी पहिल्या ‘होय’वरून दुसरे गृहीत धरले, नैयायिकांनी दुसऱ्या ‘नाही’वरून पहिले नाकारले, आणि प्रागभाव या संकल्पनेत निश्चितीला जागा ठेवली नाही, ही त्यांची उणीव अधिक मोठी वाटते, कारण घटाचा प्रागभाव आणि त्या विशिष्ट, डाव्या काठावर टवका उडालेल्या घटाचा प्रागभाव यांत मातीच्या ठायी काय फरक, हे त्यांना सांगता आले नसते.

ठरणेही पूर्ण नसते, ही आणखी एक गोष्ट संपर्कमुद्रणातच स्पष्ट होते. एका कागदावरच्या ३६ चित्रांना एकच प्रकाश मिळतो, त्यामुळे पातळ निगेटिव्हची चित्रे काळवंडतात आणि घट्ट निगेटिव्हची फिकी राहतात. आणि हाच कागद एका मिनिटात काढला की तीन मिनिटांनी, यावर करड्या छटांची सगळी उतरंड बदलते. सुप्त प्रतिमेत एक चित्र ठरलेले नसते, चित्रांचा एक पल्ला ठरलेला असतो, आणि त्यातले एक निवडले जाते ते ट्रेवर वाकलेल्या माणसाच्या हातून. पुढचे काम हायपोचे: तो न वापरलेले क्षार विरघळवतो आणि उरलेल्या शक्यता संपवतो. नैयायिकांच्या भाषेत हा प्रध्वंसाभाव, ज्याला आरंभ आहे पण अंत नाही. तरीही हायपो नीट धुतला गेला नाही तर कागदात राहिलेले गंधक काही वर्षांनी चांदीवर चढते, सावल्या पिवळट-तपकिरी होऊ लागतात, आणि परिणाम, म्हणजे रूपांतर, कधी थांबतच नाही हे सांख्यांचे म्हणणे अल्बममध्ये चिकटवलेल्या चित्रालाही लागू पडते.