पोस्टव्हिलची शिरगणती

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात पोस्टव्हिल नावाचं गाव आहे. २००० सालच्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,२७३ भरली, २०१० साली २,२२७. दहा वर्षांत ४६ माणसं कमी. आकडे बघून कुणीही म्हणेल, मक्याच्या शेतांमधलं सुस्त गाव असणार. पोरं शिकून शहराकडे जातात, म्हातारी मागं राहतात. प्रत्यक्षात त्याच दहा वर्षांत या गावातली शेकडो माणसं बेड्या घालून नेली गेली, त्यांच्या जागी पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून माणसं आणली गेली, मग सोमाली आले, गावाचा पोशिंदा कारखाना बुडाला आणि दुसऱ्या नावानं पुन्हा सुरू झाला. जनगणनेचा माणूस २००० साली येऊन गेला तो थेट २०१० साली परत आला. मधलं काही त्याच्या दप्तरी नाही.

अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावाची माहिती काढा, तिच्यात ‘वांशिक रचना’ नावाचा एक परिच्छेद हमखास असतो. श्वेतवर्णीय इतके टक्के, कृष्णवर्णीय इतके, मूळनिवासी, आशियाई, पॅसिफिक बेटांवरचे, आणि त्याखाली ‘हिस्पॅनिक, कोणत्याही वंशाचे’. सगळं दशांश चिन्हानंतर दोन घरं काढून. पोस्टव्हिलएवढ्या गावात ०.०४ टक्के म्हणजे एक माणूस. सगळा गाव त्याला नावानं ओळखत असेल, कुणाचा भाडेकरू, कुठल्या पाळीला जातो हेही ठाऊक असेल. तक्त्यात मात्र तो ०.०४. हा तक्ता खोटा नसतो, एवढं आधीच सांगून टाकतो. त्याच्यावर शाळांचा आणि रस्त्यांचा पैसा ठरतो, मतदारसंघ आखले जातात, आणि आपण मोजलेच गेलो नाही अशी तक्रार करणाऱ्यांना त्याचं मोल बरोबर कळतं. माझा मुद्दा वेगळा आहे. सरकारनं जे विचारलं त्याचंच उत्तर तक्ता देतो, तेही विचारलं त्या दिवशीचं. गाव ज्या रेघांवर खरोखर दुभंगलेलं असतं, त्या रेघा बऱ्याचदा प्रश्नावलीत नसतातच.

पोस्टव्हिल वसवलं आणि वाढवलं ते मुख्यतः जर्मन, नॉर्वेजियन आणि आयरिश कुळांनी. आज ही सगळी मंडळी ‘श्वेतवर्णीय’ या एका रकान्यात गुण्यागोविंदानं नांदतात. पण १९१८ च्या मे महिन्यात, जर्मनीशी युद्ध चालू असताना, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फतवा काढला होता: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. चर्चमधलं प्रवचनसुद्धा इंग्रजीतच; ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांनी घरी बसून प्रार्थना करावी. म्हणजे ज्या आजीनं तेव्हा फोनवर बहिणीशी जर्मन बोलायची धास्ती घेतली, तिचीच नातवंडं सत्तर वर्षांनी ‘आम्ही इथले’ म्हणून नव्या लोकांकडे डोळे वटारून बघत होती. रकान्याच्या भिंती अशा आपसूक पडतात आणि नव्या उभ्या राहतात. पडल्याचं नंतर कुणाला आठवतही नाही.

नवे लोक आले १९८७ नंतर. त्या साली ब्रुकलिनच्या आरन रुबाश्किन या खाटीक-व्यापाऱ्यानं गावाबाहेरचा एक बंद पडलेला मांसाचा कारखाना विकत घेतला. तिथे यहुदी धर्मनियमांप्रमाणे जनावरं कापायची, पॅकबंद करायची आणि देशभर पाठवायची, असा धंदा. त्यासाठी सुरी चालवणारे आणि मांस तपासणारे धर्मज्ञ लागतात. म्हणून ल्युबाविच पंथाची हसिदी कुटुंबं आयोवाच्या त्या शेतमुलखात येऊन राहिली. लांब दाढ्या, काळे कोट, काळ्या टोप्या. गावानं असं काही पाहिलं नव्हतं. आयोवा विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या स्टीफन ब्लूम यांनी २००० साली या गावावर पुस्तक काढलं. त्यात गावकऱ्यांच्या कुरबुरी आहेत आणि त्या वाचताना हसू येतं: हे लोक दारापुढचं गवत कापत नाहीत, रस्त्यात ‘हॅलो’ला उत्तर देत नाहीत, दुकानात घासाघीस करतात. घासाघीस हा गुन्हा असेल तर आपल्याकडचा मंडईचा अर्धा गाव तुरुंगात जाईल. पण अमेरिकन खेड्यात दारापुढचं गवत म्हणजे शेजारधर्म असतो. १९९७ मध्ये कारखान्याची जमीन गावाच्या हद्दीत घ्यावी का यावर मतदान झालं, तेव्हा या सगळ्या कुरबुरी मतपेटीत उतरल्या. कौल हद्दवाढीच्या बाजूनं लागला.

आता तक्ता बघा. पोस्टव्हिलमधली त्या काळातली सगळ्यात ठसठशीत फूट ल्यूथरन-कॅथलिक गावकरी आणि हसिदी यहुदी यांच्यातली. तक्त्यात ती नाही. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत. १९७६ च्या कायद्यानं धर्माचं उत्तर देण्याची सक्ती करायलाच मनाई केली आहे. त्यामुळे हसिदी रबाय आणि त्याच्या गवतावर चिडलेला शेजारी, दोघेही ‘श्वेतवर्णीय’. रेवदंड्याच्या एखाद्या बेने इस्रायल यहुदी बाई, ज्यांच्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या तिथे राहायला गेल्या असत्या तर शनिवारी त्या रबायच्याच प्रार्थनामंदिरात जाऊन बसल्या असत्या. तक्त्यात मात्र ‘आशियाई’.

आपल्या माणसांचं तर या रकान्यांत फारच गमतीशीर चाललं. १९२० ते १९४० च्या तीन जनगणनांत अमेरिकेनं ‘हिंदू’ हा वंश मानला होता आणि त्यात शीख-मुसलमानही बसवले होते. वंश कोणता ते तेव्हा घरी आलेला प्रगणकच ठरवायचा. माणसानं स्वतःचं स्वतः भरायची पद्धत १९६० पासूनची. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी शिखाला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तू ‘गोरा’ नाहीस, तेव्हा नागरिकत्व नाही. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित, नावावरून आपल्या आळीतले वाटावेत असे. त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा खटला झाला, पण ते जिंकले. पुढे १९७० च्या गणतीत भारतीय चक्क ‘गोरे’ धरले गेले आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा वेगळा रकाना आला. साठ वर्षांत आधी ‘हिंदू’ वंश, मग गोरे, मग आशियाई. माणसं तीच.

नव्वदच्या दशकात कारखाना वाढला तसे मजूर बदलत गेले. आधी पूर्व युरोपातले, मग मेक्सिकन, मग मोठ्या संख्येनं ग्वातेमालाचे. १२ मे २००८ रोजी इमिग्रेशन खात्यानं कारखान्यावर धाड घातली, ३८९ जणांना पकडलं. त्यांपैकी जवळपास २९० ग्वातेमालाचे होते. त्यांना वॉटर्लू शहरातल्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर ठेवलं, तिथेच तात्पुरतं कोर्ट उभारलं आणि दहा-दहाच्या जथ्यांत साखळदंडांनी उभं करून काही दिवसांत सुमारे ३०० जणांना दोषी ठरवलं. बहुतेकांना पाच महिन्यांची कैद, मग परतपाठवणी. दुभाषे होते स्पॅनिशचे. त्यांच्यातल्या एकानं पुढे जाहीरपणे लिहिलं, की यातले बरेच जण मूळचे माया होते, काहींना स्पॅनिशही धड येत नव्हती. आरोप काय आहे, सही कशावर करतोय, हे त्यांना कळत नव्हतं. जनगणनेच्या भाषेत हे सगळे ‘हिस्पॅनिक’. ज्यांच्या पूर्वजांना स्पॅनिशांनी जिंकलं, ते जिंकणाऱ्यांच्या भाषेच्या नावानं मोजले जातात. गावातल्या सेंट ब्रिजेट चर्चमध्ये मागे राहिलेल्या बायका-पोरांनी आसरा घेतला. काही बायकांना मुलं सांभाळायला सोडलं होतं, पण पायाला इलेक्ट्रॉनिक कडं अडकवून. काम करायची परवानगी नाही आणि गाव सोडायचीही नाही.

मजूर गेले, कारखाना चालवायचा तर माणसं हवीत. म्हणून पलाऊ बेटांवरून तरुण आणले. पलाऊच्या अमेरिकेशी असलेल्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. मिनेसोटाकडून सोमाली आले. तरीही वर्ष सरायच्या आत कंपनीनं दिवाळं काढलं. दुसऱ्या साली नव्या मालकानं ती घेऊन ‘अ‍ॅग्री स्टार’ नाव दिलं. आणि मग २०१० ची गणती झाली: २,२२७. सोमाली ‘कृष्णवर्णीय’ रकान्यात गेले, तिथे त्यांना मिसिसिपीतल्या गुलामांच्या वंशजांशी एक धरलं जातं. दोघांमध्ये ना भाषा एक, ना धर्म, ना इतिहास.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी हीच गोष्ट आपल्याकडे जातींबद्दल मांडली होती. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुंभार’ या एका नावाखाली असलेले गट हे एकाच जातीचे तुकडे असतील असं नाही. ते वेगवेगळ्या मुळांचे स्वतंत्र समाज असू शकतात आणि नाव त्यांना नुसतं एकत्र बांधतं. त्याआधी हर्बर्ट रिस्ले हा जनगणना आयुक्त नाकाच्या मोजमापांवरून मराठी लोकांना ‘सिथो-द्रविड’ ठरवून मोकळा झाला होता. नाकानं वंश कळतो म्हणणाऱ्या माणसाच्या हाती १९०१ ची सबंध गणती होती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याचे रकाने पुढे आपणच इतके मनावर घेतले, की वरची पायरी मिळावी म्हणून जातसभांनी सरकारकडे अर्जांचा पाऊस पाडला.

आता आपल्याकडच्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जाती मोजल्या जायच्या आहेत. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. विरोधक म्हणतात समाज फुटेल, समर्थक म्हणतात खरं चित्र दिसेल. मी समर्थकांच्या बाजूचा आहे. न मोजल्यानं जात गेलेली नाही. पण मला तारखेची काळजी वाटते. फेब्रुवारी अखेरीस साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो. बीड, पाथर्डी, जतकडची लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडांवर असतात, कारखान्याच्या आवारात नाहीतर उसाच्या कडेला कोप्या घालून. २०११ च्या पद्धतीप्रमाणे गणतीचा सगळा काळ जो घरी नसतो, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे कोप्यांपर्यंत प्रगणक पोचला तर ही माणसं कोल्हापूर-सांगलीच्या गावांची लोकसंख्या ठरतील, बीडमधल्या त्यांच्या गावाचे जातवार आकडे तेवढे घटतील आणि पुढची दहा वर्षं त्याच आकड्यांवर निधी नि जागा ठरतील. प्रगणक पोचला नाही तर ती कुठल्याच गावात नाहीत. पहाटे चारला फडावर गेलेला माणूस दुपारी कोपीत सापडत नाही, तेव्हा त्याला गाठायचं तर रात्री टॉर्च घेऊन जावं लागेल. तोपर्यंत त्याची नोंद असेल ती कारखान्याच्या आणि मुकादमाच्या वहीत. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ लिहितात.